हेडसेट नवा बसवला तरी हँडल खुळखुळतं? दाब कुठे अडला ते शोधा

सायकलचा नवा हेडसेट (फ्रेमच्या पुढच्या नळीतला बेअरिंगांचा संच, ज्यावर हँडल वळतं) घातला, वरच्या कॅपचा बोल्ट मनगट दुखेपर्यंत आवळला, तरी पुढचा ब्रेक धरून सायकल ढकलली की हँडलखाली ‘टक्’ होतंच. मग बोल्टला आणखी अर्धा फेरा. आता टक् थांबतं, पण हँडल आत वाळू भरल्यासारखं वळतं. शेवटी माणूस ठरवतो की बेअरिंगच खराब लागलं, आणि दुसरं मागवतो. अशा सायकली माझ्याकडे येतात तेव्हा बेअरिंग बहुतेकदा ठणठणीत असतं. एखादी रिंग उलटी असते, एखादा स्पेसर (उंची भरून काढणारी रिंग) कमी असतो, नाहीतर बोल्ट आवळायचा क्रम चुकलेला असतो.

इथे मुख्यतः थ्रेडलेस हेडसेट धरला आहे, म्हणजे ज्यात स्टेम (हँडल धरणारा तुकडा) फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या) नळीला बाहेरून पकडतो. हल्लीच्या बहुतेक एमटीबी (डोंगरी), हायब्रिड आणि रोड सायकलींना हाच असतो. जुन्या, आट्यांच्या हेडसेटसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

## आधी दाबाची वाट समजून घ्या

वरची कॅप हँडल धरून ठेवत नाही. ते काम स्टेमच्या बाजूच्या दोन बोल्टांचं. कॅपचा बोल्ट फक्त फोर्कला वर ओढतो आणि मधली फट मिटवतो. फट मिटली की स्टेम आवळायचा. त्यानंतर कॅप काढून खिशात टाकली तरी हँडल हलणार नाही (टाकू नका, पावसाचं पाणी आत जाईल).

दाब असा उतरतो: कॅप स्टेमला दाबते, स्टेम स्पेसरना, स्पेसर हेडसेटच्या वरच्या झाकणाला, झाकण चीर असलेल्या रिंगला, रिंग वरच्या बेअरिंगला, आणि बेअरिंग फ्रेमच्या हेडट्यूबला (पुढच्या उभ्या नळीला). त्याच वेळी खालून फोर्क वर येतो आणि त्याच्या मुळाशी बसवलेली क्राउन रेस खालच्या बेअरिंगला दाबते. या वाटेत दाब कुठेही आडवाटेला गेला, तर बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. तुम्ही बोल्ट आवळत राहता आणि खालची फट तशीच राहते.

पुढची प्रत्येक तपासणी ही वाट डोळ्यांपुढे ठेवून करायची.

## टप्पा १: दोष हेडसेटचाच आहे ना?

पुढचा ब्रेक धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. दुसऱ्या हाताचं बोट वरचं झाकण आणि हेडट्यूब यांच्या सांध्यावर ठेवा. मग तेच खालच्या सांध्यावर करा. खरा सैलपणा बोटाला चटकन कळतो, कारण दोन भाग एकमेकांपासून सरकतात.

बोटाला काही कळत नाही पण आवाज येतो? मग हे पाहून घ्या:

- डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये किंचित हलतात आणि अगदी तसाच टक् आवाज करतात. चाक ९० अंशांत वळवून टायर जमिनीवर आडवा ठेवा आणि ब्रेक न धरता सायकल ढकला. आता टक् गेलं, तर संशय ब्रेकवर.
- चाकाची रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. हलली तर पुढच्या हबचं (चाकाच्या मध्यभागाचं) बेअरिंग सैल किंवा झिजलेलं आहे.
- सस्पेन्शन फोर्क असेल तर वरची चकचकीत नळी खालच्या पायात शिरते तिथे बोट ठेवा. जुन्या, स्वस्त फोर्कच्या बुशा (नळी सरकते ती आतली अस्तरं) झिजलेल्या असतात. तो खेळ हेडसेट बदलून जाणार नाही.

आता पुढचं चाक उचला, हँडल सरळ धरा आणि अलगद सोडा. ते आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडायला हवं. मधोमध ‘खाचेत’ अडकत असेल तर बेअरिंगच्या रेसमध्ये (छर्रे फिरतात त्या वाटेत) खड्डे पडलेत, आणि त्याला बदलण्यावाचून इलाज नाही. गिअर-ब्रेकच्या ताठ केबल्सही हँडल अडवतात, त्यामुळे निकाल देण्याआधी केबल्स मोकळ्या करून पाहा.

## टप्पा २: काहीही न उघडता पहिला प्रयत्न

अर्ध्या सायकली इथेच सुधारतात. क्रम हाच ठेवा:

1. स्टेमच्या बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करा. स्टेम नळीवर हाताने सहज फिरला पाहिजे.
2. कॅपचा बोल्ट पूर्ण सैल करून पुन्हा बोटांनी टेकेपर्यंत आणा.
3. पाव-पाव फेरा द्या. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर ब्रेक धरून ढकला. टक् थांबलं त्या क्षणी थांबा.
4. चाक उचलून हँडल मोकळं पडतंय का बघा. जड वाटलं तर थोडं मागे या.
5. स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळा. स्टेमवर आकडा छापलेला असतो, साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर. तोच पाळा.

सगळ्यांत जास्त होणारी चूक पहिल्याच पायरीत होते. स्टेम घट्ट असताना कॅप आवळली तर दाब स्टेममध्येच अडतो, कारण स्टेम नळीला चिकटून बसलेला असतो. बोल्ट आवळल्याचं समाधान मिळतं, फट मात्र आहे तिथेच.

सावधान: कॅपचा बोल्ट ताकदीने आवळायची वेळ आली, तर चूक दुसरीकडे आहे. आणखी जोर लावला की स्टार नट (फोर्कच्या नळीत रुतलेला दातेरी नट, ज्यात हा बोल्ट फिरतो) उपटून वर येतो किंवा बेअरिंगच्या रेसमध्ये खळगे पडतात.

यानेही भागलं नाही तर उघडा.

## टप्पा ३: उघडणं आणि मांडणं

लागणारं सामान फार नाही: ॲलन कीचा संच, टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंत आवळणारा पाना), व्हर्नियर कॅलिपर, जाडसर ग्रीस, जुनी सुती फडकी, रबरी हातोडा. कप (हेडट्यूबच्या टोकांत बसणाऱ्या, बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) बसवायचे असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून १२ मिमीचा आट्यांचा लांब रॉड, दोन नट आणि जाड, मोठे वॉशर.

स्टेम काढायच्या आधी फोर्क धरायला कोणीतरी हवं, नाहीतर पुढच्या चाकाखाली विटांचा आधार हवा. स्टेम निघाला की फोर्क खाली घसरतो आणि त्याच्याबरोबर बेअरिंग, सील, रिंगा खाली सांडतात. कुठलं कशावर होतं ते नंतर आठवत नाही. माझं हे एकदा झालंय. बसने सायकल नेण्यासाठी स्टेम काढला आणि मुक्कामी घाईघाईत खालचं बेअरिंग उलटं घातलं. हँडल तसं फिरत होतं, म्हणून लक्ष दिलं नाही. पावसाळा संपेपर्यंत क्राउन रेसवर गोलाकार ओरखडा उमटला होता.

वरून खाली निघेल त्या क्रमाने प्रत्येक तुकडा एका रेषेत वर्तमानपत्रावर मांडा आणि फोटो काढा. कोणती बाजू वर होती हेही फोटोत दिसू द्या.

## टप्पा ४: मापं जुळतात का?

नवा हेडसेट घेऊनही त्रास होत असेल तर हा टप्पा वगळू नका. ‘एमटीबीचा हेडसेट द्या’ असं सांगून आणलेला भाग बसतो, पण बरोबर बसतोच असं नाही.

हेडसेटच्या डब्यावर एक सांकेतिक ओळ असते, ‘झेडएस४४/२८.६’ अशी. ‘ईसी’ म्हणजे कप फ्रेमच्या बाहेर दिसतो. ‘झेडएस’ म्हणजे कप हेडट्यूबच्या आत दडतो. ‘आयएस’ म्हणजे कपच नसतो, बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसतं. पहिला आकडा हेडट्यूबच्या आतल्या व्यासाचा. वरच्या भागात दुसरा आकडा फोर्कच्या नळीचा, बहुधा २८.६ मिमी. खालच्या भागात दुसरा आकडा क्राउन रेसचा: ३० म्हणजे नळी वरपासून खालपर्यंत सारखी, ४० म्हणजे खाली रुंदावणारी. वरचा आणि खालचा भाग स्वतंत्र मोजा. रुंदावणाऱ्या नळीच्या सायकलीत दोन्ही बेअरिंगं वेगवेगळ्या मापांची असतात.

आता बेअरिंगवर कोरलेले अंश पाहा: ‘३६×४५’ किंवा ‘४५×४५’. पहिला आकडा आतल्या उताराचा, जो क्राउन रेस किंवा रिंगला टेकतो. दुसरा बाहेरच्या उताराचा. ३६ अंशाच्या बेअरिंगखाली ४५ अंशाची क्राउन रेस घातली, तर दोघं फक्त एका बारीक कडेवर टेकतात. जागेवर सगळं घट्ट वाटतं, चार स्पीडब्रेकर ओलांडले की सैल. ‘रोज आवळतो, रोज सुटतं’ ही तक्रार असेल तर आधी हे अंश वाचा.

तपासा: आयएस प्रकारात बेअरिंग बोटांनी आत गेलं पाहिजे. प्रेस लावावासा वाटतोय, म्हणजे माप चुकलंय किंवा बैठकीत रंग साचलाय. कार्बन फ्रेममध्ये तर हातोडीला हातही लावू नका.

## टप्पा ५: क्राउन रेस पूर्ण खाली बसवा

नवीन बसवलेल्या हेडसेटमधला सगळ्यांत छुपा दोष इथे असतो. क्राउन रेस फोर्कवर एका बाजूने केसभर वर राहिली तर ती वापरात हळूहळू खाली बसते, आणि जितकी बसते तितका हेडसेट सैल होतो.

बैठक पुसा, बारीकशी खरड काढा, ग्रीसचं बोट फिरवा. चीर असलेली क्राउन रेस हातानेच बसते. अखंड रेस ठोकावी लागते. त्यासाठी फोर्कच्या नळीवरून जाईल असा पाइप घ्या. तो रेसच्या आतल्या सपाट कडेवर टेकला पाहिजे, बेअरिंग फिरतं त्या उतारावर नव्हे. कॅलिपर खिशात घालूनच दुकानात जा, अंदाजाने आणलेला पाइप एक तर नळीवर जात नाही नाहीतर उतारावर बसतो. जुनी क्राउन रेस हाताशी असेल तर ती नवीवर उलटी ठेवा आणि पाइप तिच्यावर ठोका. ओरखडे जुनीवर जातात.

ठोके सरळ आणि सारखे हवेत. रेस तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो: आधी बोदा येतो, मग खणखणीत. कान ठेवून ऐकलं की पुन्हा कधी विचारावं लागत नाही.

तपासा: रेस आणि फोर्क यांच्या मधून मागे बॅटरी धरून सर्व बाजूंनी पाहा. प्रकाशाची रेघ दिसली तर रेस बसलेली नाही. दिसणाऱ्या फटीत साधा कागद शिरतो का तेही बघा.

सावधान: सस्पेन्शन फोर्क ठोकताना त्याचे पाय जमिनीवर टेकवू नका. फोर्क उचलून हातात धरा, नाहीतर मार आतल्या भागांना बसतो.

## टप्पा ६: कप दाबणं

एका वेळी एकच कप. दोन्ही एकदम दाबले की कुठला तिरका जातोय ते कळत नाही. हेडट्यूब आतून पुसा, कडेवर रंगाचे थर असतील तर खरडून काढा, ग्रीस लावा. रॉड घाला. कपाच्या बाजूला असा वॉशर ठेवा जो फक्त कपाच्या कडेवर टेकेल. आत बसवलेल्या बेअरिंगवर दाब देऊन कप ढकलला, तर बेअरिंग वापरण्यापूर्वीच संपतं.

पहिले दोन-तीन मिलिमीटर निर्णायक. कप तिरका शिरायला लागला तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा सुरू करा. ‘पुढे जाईल तसा सरळ होईल’ या आशेवर ॲल्युमिनियमची फ्रेम सोलली जाते. शेवटी कपाची कडा आणि हेडट्यूब यांत पुन्हा बॅटरीची परीक्षा.

दोन्ही कप पूर्ण बसूनही हँडल फिरवताना एका जागी जड आणि दुसऱ्या जागी सैल वाटलं, तर हेडट्यूबची दोन्ही टोकं एकमेकांना समांतर नाहीत. हे काम कटर असलेल्या दुकानाचं. घरी कानस घेऊन बसू नका.

## टप्पा ७: बेअरिंगची दिशा आणि चीर असलेली रिंग

कार्ट्रिज (बंद, अखंड) बेअरिंगला दोन तिरके उतार असतात, एक बाहेरच्या कडेला, एक आतल्या. बाहेरचा उतार नेहमी फ्रेमकडे. म्हणजे वरच्या बेअरिंगचा बाहेरचा उतार खाली, खालच्या बेअरिंगचा वर. दोन्ही बेअरिंगं एकमेकांची आरशातली प्रतिमा झाली पाहिजेत.

छर्‍यांची जाळी असेल तर दिशेबद्दल तर्क करत बसू नका. ग्रीस न लावता दोन्ही बाजूंनी हाताने बसवून फिरवा. उलट बाजूला पत्र्याची जाळी रेसला घासते, खरखर लागते. सुलट बाजूला फक्त छर्रे टेकतात. मग ग्रीस भरा, हात आखडता न घेता. आपल्याकडच्या पावसात पुढच्या चाकाचं पाणी थेट खालच्या बेअरिंगवर उडतं, म्हणून खालच्याला जास्त.

आता ती रिंग. पातळ, एका जागी चिरलेली, हरवायला सोपी. वरच्या बेअरिंगच्या आतल्या उतारात ती पाचरीसारखी रुतते आणि फोर्कची नळी मधोमध धरते. निमुळती बाजू खाली. रिंग नसेल तर नळी बेअरिंगच्या आत लपक-लपक हलते, मग कॅप कितीही आवळा. काही हेडसेटमध्ये ती वरच्या झाकणाच्या पोटात अडकलेली असते. हरवली म्हणून नवा हेडसेट घेण्याआधी झाकण उलटं करून पाहा.

तपासा: सगळं रचून हाताने दाबल्यावर वरचं झाकण आणि हेडट्यूब यांत अर्ध्या-एक मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. झाकण फ्रेमला टेकत असेल तर दाब बेअरिंगला न जाता फ्रेमला जातो. हँडल घासतं, जड लागतं, तरी खुळखुळतं. अशा वेळी रिंगेवर, झाकणाच्या खाली ०.२५ मिमीची बारीक चकती घालतात. एकाने भागलं नाही तर दुसरी.

## टप्पा ८: स्पेसरची उंची आणि स्टार नट

स्पेसर आणि स्टेम रचा. फोर्कच्या नळीचं वरचं टोक स्टेमच्या (किंवा सगळ्यांत वरच्या स्पेसरच्या) कडेपेक्षा सुमारे ३ मिमी खाली असलं पाहिजे. नळी वर आली तर कॅप नळीवरच टेकते. दाबाची वाट सुरुवातीलाच बंद! स्टेम बदलला आणि नव्याची उंची जुन्यापेक्षा कमी निघाली की हे हमखास होतं. नळी कापायला धावू नका, वर ५ मिमीचा एक स्पेसर घाला.

उलटी चूकही होते. नळी ३ मिमीपेक्षा खूपच खाली असेल तर स्टेमचा वरचा बोल्ट पोकळ जागेवर आवळला जातो. हे धोक्याचं आहे. स्पेसर कमी करा.

स्टार नट नळीच्या टोकापासून साधारण १५ मिमी खाली, सरळ. तो एकदा आत गेला की मागे ओढता येत नाही. तिरका गेला तर तोच आणखी खोल ठोकून द्या आणि वर नवीन बसवा. कार्बनच्या नळीत स्टार नट कधीच नाही, त्याचे दात कार्बन चिरतात. तिथे फुगणारा एक्सपांडर प्लग वापरतात. त्याच्या बाहेरच्या बाजूला ग्रीस लागलं की तो वर सरकतो, म्हणून नळी आतून कोरडी पुसून कार्बन पेस्ट लावा.

आता टप्पा २ मधला क्रम पहिल्यापासून.

## लक्षणावरून कारण

कॅपचा बोल्ट नुसताच फिरतोय, घट्ट होत नाही: स्टार नट किंवा प्लग सरकतोय, नाहीतर आटे गेलेत.

बोल्ट अचानक कडक झाला पण खुळखुळ कायम: कॅप नळीवर टेकली, झाकण फ्रेमवर टेकलं किंवा स्टेम सैल करायचा राहिला. या तिन्हींत दाब बेअरिंगपर्यंत गेलेलाच नाही.

आवळल्यावर ठीक, पहिल्या घाटात पुन्हा सैल: क्राउन रेस बसतेय, अंश जुळत नाहीत किंवा स्टेमचे बोल्ट कमी आवळलेत. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर एकदा थोडं आवळावं लागणं मात्र साहजिक आहे, त्याला दोष समजू नका.

खुळखुळ नाही पण हँडल जड: दाब जास्त झालाय, बेअरिंग उलटं आहे किंवा रबरी सील दुमडलाय. सील आधी बघा, ते दोन मिनिटांचं काम.

चढावर उभं राहून पेडल मारताना कुरकुर: बहुधा कप किंवा क्राउन रेसची बैठक कोरडी. काढा, पुसा, ग्रीस लावा. स्टेम आणि हँडलबारच्या सांध्यातूनही हुबेहूब हाच आवाज येतो, आणि तो उघडायला सोपा, म्हणून सुरुवात तिथून करा.

## आट्यांच्या जुन्या हेडसेटचं काय?

जुन्या रोड सायकली आणि साध्या काळ्या सायकलींना हा असतो. इथे वरची वाटी आट्यांवर फिरते, तिच्यावर जीभ असलेली चकती आणि मग लॉकनट. वाटी हाताने टेकेपर्यंत फिरवा, किंचित मागे घ्या. मग एका पान्याने वाटी धरून दुसऱ्याने लॉकनट आवळा. लॉकनट आवळताना बसवलेलं माप थोडं बिघडतंच, दोन-तीन वेळा करावं लागतं. एकाच पान्याने लॉकनट आवळला तर वाटीही त्याच्यासोबत फिरते.

सुटे छर्रे असतील तर ग्रीसमध्ये गोल बसवा आणि एका छर्‍याएवढी जागा रिकामी सोडा. ठासून भरलेले छर्रे एकमेकांवर चढतात.

लॉकनट घट्ट लागतो पण वाटी सैलच राहते? लॉकनटचा पोट-भाग फोर्कच्या नळीच्या टोकावर टेकतोय. मध्ये एक जास्तीची चकती घाला. आणि एक इंची हेडसेट विकत आणताना क्राउन रेसची बैठक मोजूनच आणा. ती २६.४ मिमी असते किंवा २७.० मिमी. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, पण २६.४ च्या बैठकीवर २७ ची रेस सैल राहते, आणि उलट केलं तर ठोकून ठोकून रेस तडकते.

काम झाल्यावर पहिली फेरी गल्लीतच मारा: हात न सोडता, एका स्पीडब्रेकरवरून, पुढचा ब्रेक दाबत. परत येऊन बोट दोन्ही सांध्यांवर ठेवा आणि स्टेमच्या बोल्टांना टॉर्क रेंच एकदा लावून पाहा. पावसाळा संपला की ऑक्टोबरात खालचं बेअरिंग पुन्हा उघडा. ग्रीस चहासारखं तपकिरी झालं असेल तर पाणी आत शिरलंय.